एकाच माणसाने किती ताल सांभाळायचे? माल्टाचा ड्रमर आणि ऑर्केस्ट्रातली मागची रांग

गिरगावकर_गंधार

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय, आज टंकायला बसलोच.

मी मूळचा गिरगावचा, गेली सहा वर्षं माल्टात जहाजदुरुस्तीच्या कामात. आमच्याकडे एक म्हातारबुवा अजून अधूनमधून सल्ला द्यायला येतात, गोदीत चाळीस वर्षं वेल्डिंग केलेलं, आणि तितकीच वर्षं त्यांच्या गावच्या बँडमधे झांजा वाजवलेल्या. त्यांच्याशी बोलताना चार्ल्स 'सिटी' गॅट हे नाव आलं. माल्टाचा जॅझ ड्रमर. आणि हाच माणूस तिथल्या ऑर्केस्ट्रात पर्कशनिस्ट, म्हणजे सिंफनीत मागच्या रांगेत उभं राहून तालवाद्यं वाजवणारा. वर माल्टा जॅझ फेस्टिव्हल सुरू करणाराही हाच, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, आणि पुढे बरीच वर्षं त्याचा कलादिग्दर्शक.

मी तबला शिकलोय (मध्यमाच्या पुढे नाही गेलो), त्यामुळे मला खरंच कळत नाही. जॅझमधे ड्रमर गाडी चालवतो, त्याच्यावर सगळे स्वार. सिंफनीत तोच माणूस पन्नास-साठ जणांच्या मागे उभा राहून कंडक्टरच्या काठीकडे बघत एका ठोक्याची वाट पाहतो. हात तेच, पण मन पूर्ण वेगळं लागतं. ही अदलाबदल जमते कशी? आणि एकाने एकच धरून त्यात खोल जावं की असं सगळीकडे वाजवावं? माझं मत सांगून टाकतो. मला वाटतं सगळीकडे वाजवणारा माणूस जास्त संगीत ऐकतो, म्हणून तो जास्त काहीतरी उभं करू शकतो. तुमचं काय?

---

सुलभा_ताई

वाचनखूण साठवली. 'सिटी' हे आडनाव आहे का हो?

---

गिरगावकर_गंधार

नाही ताई, टोपणनाव. इथे आडनावं मोजकीच, बोर्ग, कामिलेरी, वेल्ला, झम्मित, फर्रुजा, एका गल्लीत चार चार जोसेफ बोर्ग. म्हणून घराण्यांना आणि माणसांना टोपणनावं पडतात आणि तीच चालतात, आपल्याकडे गावात 'घड्याळवाले', 'विहिरीवरचे' म्हणतात तसंच. आणि राजधानी व्हॅलेटाला इथे कुणी व्हॅलेटा म्हणत नाही, नुसतं 'इल-बेल्ट' म्हणजे शहर. आपण 'गावात जाऊन येतो' म्हणतो ना तसं.

---

नाक्यावरचा_नाना

माल्टा म्हणजे ते मोसंबी ना? बाकी काही माहिती नाही पण धागा रोचक, पॉपकॉर्न घेऊन बसलोय :)

---

तर्रीवाली

नाना, मोसंबी नंतर, आधी ताल!

मी पुण्यात पथकात ताशा वाजवते, अकरावं वर्ष. गंधारदादा, 'हात तेच' हे अर्धंच खरं आहे बरं का. आमच्या पथकातला एक मुलगा ड्रमकिट शिकायला गेला, ताशाची तर्री त्याच्या हातात बसलेली, एकदम कोरडी आणि दणदणीत, रोल म्हटलं की तेच निघायचं. सरांनी त्याला दोन महिने नुसतं हळू वाजवायला लावलं. जोरात वाजवणं सोप्पं असतं, हळू आणि एकसारखं वाजवणं म्हणजे जीव जातो, मनगट थरथरायला लागतं. त्यामुळे जॅझमधून ऑर्केस्ट्रात जाणाऱ्या माणसानं हात परत घडवला असणार, मनाचं नंतर.

---

बँडवाले_काका

तर्रीवाली बरोबर बोलल्या. मी एका सरकारी बँडमधे ३१ वर्षं साइड ड्रम, सिंबल, ट्रायँगल, झायलोफोन, जे हातात येईल ते वाजवलं, आता निवृत्त. थोडं सविस्तर लिहितो, सांभाळून घ्या.

लोकांना वाटतं मागे उभा राहणारा म्हणजे अधूनमधून धाडकन वाजवणारा, बाकी वेळ आराम. त्याचं खरं काम मोजणं असतं. स्वरलिपीत एक जाड आडवी रेघ आणि वर आकडा, समजा ७४, म्हणजे ७४ बार गप्प. बार म्हणजे आवर्तन समजा. मनात एक-दोन-तीन-चार, दोन-दोन-तीन-चार, तीन-दोन-तीन-चार असं चालू असतं, पहिला आकडा बारचा. मधे खोकला आला, पुढच्याचा गज घसरला, लक्ष गेलं की संपलं. म्हणून शहाणा वादक पेन्सिलीनं खुणा करून ठेवतो, 'इथे ओबो येतो', 'इथे चेलो एकटे'.

द्व्होर्झाकच्या नवव्या सिंफनीत सगळ्या मिळून झांजेचा एकच ठोका आहे, शेवटच्या भागात, तोही मोठा नाही. चायकोव्हस्कीच्या सहाव्यात शेवटी टॅमटॅमचा, म्हणजे मोठ्या घंटेसारख्या थाळीचा, एकच हलका आघात. त्या एका ठोक्यासाठी माणूस पाऊण तास स्टेजवर असतो. तो चुकला तर लपायला जागा नाही. व्हायोलिनवाल्याच्या बाजूला अजून पंधरा असतात, तुम्ही एकटे.

माझ्याकडून एकदा असं झालं. खुल्या मैदानातला समारंभ होता, मोठे पाहुणे, मी ट्रायँगलवर. एक बार आधी वाजवलं. पूर्ण शांतता होती आणि त्यात तो टिंग. बँडमास्तर काही बोलले नाहीत, नुसतं बघितलं. त्यानंतर आठवडाभर रोज पहाटे त्याच चालीचे बार एकटा बसून मोजले, वाद्याला हात न लावता. तेव्हापासून निवृत्तीपर्यंत मोजणं चुकलं नाही.

जॅझमधे हे मोजणं नाही असं नव्हे, बत्तीस बारची चाल तिथेही मनात फिरतच असते. पण तिथे तुम्ही सतत वाजवता म्हणून मोजणं हातात असतं. ऑर्केस्ट्रात ते जिभेच्या टोकावर असतं.

---

सुलभा_ताई

काका 'मोजणं हातात असतं आणि जिभेच्या टोकावर असतं' हे वाक्य वहीत लिहून घेतलं.

---

ध्रुपदप्रेमी

विरोधी सूर लावतो, राग नसावा. आपल्याकडे म्हण आहे, एक ना धड भाराभर चिंध्या. पखवाजाला आयुष्य पुरत नाही, तिथे जॅझ पण, सिंफनी पण, फेस्टिव्हल पण? मला यात छोट्या देशाची मजबुरी दिसते. साडेपाच लाख लोकांचा देश, आपल्या एखाद्या जिल्ह्याच्या शहराएवढा. तिथे नुसत्या जॅझवर घर चालणार नाही आणि नुसत्या टिंपनीवरही (ऑर्केस्ट्रातले मोठे नगारे), म्हणून माणूस दोन्हीकडे. मजबुरीला गुण म्हणून मिरवू नये.

---

लॉर्डभक्त

ध्रुपदप्रेमी, तुमचा आदर राखून कडाडून असहमत.

मुंबईतलंच उदाहरण घ्या ना. कावस लॉर्ड, ज्यांना सगळे कावस काका म्हणायचे, त्यांनी बोंगो-कोंगासारखी लॅटिन वाद्यं हिंदी सिनेसंगीतात रुजवली. मुलगा केर्सी लॉर्ड, ड्रम, ग्लॉकेनस्पील, अ‍ॅकॉर्डियन, पुढे सिंथेसायझर. धाकटा बुजी लॉर्ड, ड्रम आणि व्हायब्राफोन. ही माणसं सकाळच्या रेकॉर्डिंगला एक वाद्य आणि दुपारच्याला दुसरं. चिंध्या म्हणाल का त्यांना? उलट हजारो गाण्यांच्या कोपऱ्यात जे चमचमतं ते यांनी वाजवलेलं आहे आणि आपल्याला नावही माहीत नसतं.

मजबुरी होती हे मान्य. मुंबईत १९४० च्या दशकाच्या शेवटी दारूबंदी आली, क्लबांमधला जॅझ आटला, कितीतरी गोवेकर वादक स्टुडिओत गेले. पण त्या मजबुरीतून जे निघालं त्याचं मोल कमी कसं?

---

म्हापशेकर

गोव्याचा विषय निघाला म्हणून. आमच्याकडे चर्चच्या शाळेत मेस्त मुलांना स्वरलिपी शिकवायचा, व्हायोलिन हातात द्यायचा, आणि वाद्य येवो न येवो कागद वाचता आलाच पाहिजे. त्यामुळेच मुंबईच्या स्टुडिओत अरेंजरनं कागद पुढे टाकला की गोवेकर तिथल्या तिथे वाजवायचा. माल्टातही असं काही आहे का गंधार? शिकतात कुठे ही पोरं?

---

गिरगावकर_गंधार

म्हापशेकर, अगदी वर्मावर बोट ठेवलंत.

इथे प्रत्येक गावात बँड क्लब असतो, 'कझीन' म्हणतात. गावाचा संत, त्याची फेस्टा (उन्हाळाभर कुठे ना कुठे चालूच), दारूकाम, आणि रस्त्यातून मार्च वाजवत फिरणारा बँड. क्लबाचं स्वतःचं घर असतं, खाली बार, वर तालमीची खोली, भिंतीवर जुन्या बँडमास्तरांचे फोटो. तिथे मुलांना फुकट किंवा नाममात्र पैशात वाद्य आणि स्वरलिपी शिकवतात. व्हॅलेटात दोन मोठे क्लब, ला व्हॅलेट आणि किंग्ज ओन, दोन्ही १८७४ चे, आणि दोघांतली चुरस म्हणजे आपल्याकडच्या मानाच्या गणपतींच्या मिरवणुकीत कोण आधी यावर होते तशी. गावागावात तर एकाच गावात दोन क्लब आणि त्यांच्यात सोयरीक सुद्धा होत नसे असं आमचे म्हातारबुवा सांगतात. २०२३ मधे ही गावची फेस्टा युनेस्कोच्या यादीत आली.

तर इथला बहुतेक वादक याच तालमीतून जातो. म्हातारबुवा स्वतः बाराव्या वर्षी झांजा घेऊन उभे राहिले. मला म्हणाले, 'झांजा आपटायच्या नसतात, एकीची कड दुसरीवरून सरकवायची, दोन्ही सपाट आपटल्या तर मधे हवा अडकते आणि नुसतं फप्प होतं.' जेवणाच्या दोन थाळ्या घेऊन त्यांनी कँटीनमधे करून दाखवलं, सगळे वळून बघायला लागले.

---

बँडवाले_काका

थाळ्या वाजवून दाखवल्या हे ऐकून फार बरं वाटलं, हे खरे झांजवाले. हवा अडकते हे शंभर टक्के बरोबर, नवशिक्या पोराचं पहिल्या महिन्यात हमखास होतं.

अजून एक. जॅझ ड्रमर डाव्या हातात काडी वेगळी धरतात ते बघितलंय का, तळवा वर, काडी अंगठ्याच्या बेचक्यात? ती पकड मार्चिंग बँडमधली. साइड ड्रम पट्ट्यानं एका खांद्यावरून लटकतो, तिरका होतो, मग डावा हात तसा धरावाच लागतो. ड्रमकिटमधे ड्रम सरळ स्टँडवर आला तरी जुन्या लोकांची पकड तीच राहिली. म्हणजे रात्री क्लबमधे जॅझ वाजवणाऱ्याचा डावा हात रस्त्यावरच्या मिरवणुकीतून आलेला.

---

तर्रीवाली

काका!!! आमचा ताशा पण तसाच गळ्यातून लटकतो. आज सरावाला सगळ्यांना सांगणार हे.

---

इतिहासाचा_नाद

थोडं अवांतर. माल्टा आणि मुंबई यांचा जुना संबंध आहे. १८७८ मधे रशिया-तुर्कस्तान प्रकरणात ब्रिटिश पंतप्रधान डिझरायलीनं हिंदी फौज माल्टाला पाठवली, सुमारे सात हजार सैनिक, मुंबईहून जहाजं सुटली. तिथे जाऊन लढाई काही झाली नाही, पण माल्टातल्या लोकांनी हिंदी शिपाई पहिल्यांदा इतक्या संख्येनं बघितले ते तेव्हा.

आणि झांजांवरून आठवलं. युरोपच्या ऑर्केस्ट्रात झांजा, मोठा ड्रम, ट्रायँगल हे त्रिकूट आलं तेच मुळी तुर्की जानिसारी फौजेच्या बँडवरून. ज्या तुर्कांनी १५६५ मधे माल्टाला वेढा घातला त्यांचीच ही वाद्यं आज माल्टाच्या फेस्टात संताच्या पालखीपुढे वाजतात. झांजा बनवणारं सगळ्यात नावाजलेलं घराणं झिल्जियान, तेही १६२३ पासूनचं, कॉन्स्टँटिनोपलचं.

---

नाक्यावरचा_नाना

मोसंबीवरून जानिसारीपर्यंत, हा धागा कुठे चाललाय राव. वाचतोय, वाचतोय.

---

ध्रुपदप्रेमी

लॉर्डभक्त, कावस काकांचं उदाहरण मला मान्य करावं लागेल. पण माझा मुद्दा अजून उभा आहे. ते सगळे वादक एका चौकटीत होते, सिनेमाच्या. जॅझ आणि सिंफनी या दोन चौकटी एकमेकींच्या विरुद्ध. एकीत चाल धरून पुढे आपलं आपण रचायचं, दुसरीत कागदावर जे आहे त्याच्या बाहेर केसभर जायचं नाही. एकच माणूस दोन्हीकडे खरा कसा असेल? मला उत्तर हवंय, वाद नकोय.

---

राइनकाठची_मृणाल

मी उत्तर देऊ शकेन कदाचित. मी जर्मनीत राहते, इथल्या एका हौशी ऑर्केस्ट्रात टिंपनी वाजवते, पूर्ण वेळ नोकरी वेगळी. लहानपणी डोंबिवलीत तबला.

टिंपनी म्हणजे तांब्याची मोठी हंडी, वर कातडं किंवा प्लास्टिकचं पान, खाली पायडल. पायडल दाबला की स्वर चढतो. चालू रचनेत मधेच स्वर बदलायचा असतो, आजूबाजूला साठ वाद्यं वेगळ्याच पट्टीत वाजत असतात, आणि आपण वाकून कान पानाला लावून, बोटाच्या टोकानं हलकी टिचकी मारून, मनात गुणगुणत नवा स्वर लावतो. प्रेक्षकांना वाटतं ही बाई ड्रमवर झोपली. तबला लावताना आपण तंबोऱ्याच्या आधाराने लावतो ना, इथे तंबोरा तुमच्या विरोधात वाजत असतो.

तर ध्रुपदप्रेमी, कागदाच्या बाहेर जायचं नाही हे खरं, पण कागदावर काय असतं? बेटहोवनच्या व्हायोलिन कॉन्चेर्टोची सुरुवात टिंपनीच्या चार हलक्या ठोक्यांनी होते, नुसती टिंपनी, बाकी कुणी नाही. कागदावर चार टिंबं. ते चार ठोके किती हलके, कुठल्या काठीनं, पानाच्या कडेपासून किती बोटं आत, चौथा तिसऱ्यासारखाच की किंचित पुढच्याकडे झुकलेला, हे कागदावर कुठेच नाही. पुढची चाळीस मिनिटं त्या चार ठोक्यांवर उभी. तिथे मला तबल्याच्या गुरुजींनी शिकवलेला 'ना' आठवतो, एकच अक्षर पण वजन वेगळं.

आणि अजून एक गंमत सांगते. मागच्या रांगेतून आवाज पुढे पोचायला वेळ लागतो. पंधरा मीटर अंतर धरलं तर साधारण सेकंदाचा तेविसावा भाग. ऐकून वाजवलं की उशीर झालाच. म्हणून आम्ही काठीकडे बघून, पुढच्यांच्या आवाजाच्या किंचित आधी वाजवतो. हा 'किंचित आधी' कुणी शिकवू शकत नाही, आणि जॅझवाल्यांच्यात तो असतोच, कारण त्यांचं आयुष्य ठोक्याच्या किंचित पुढे-मागे राहण्यात जातं. आमच्याकडे एक जण जॅझमधून आलाय. राव्हेलच्या बोलेरोत स्नेअरचा दोन बारचा एकच तुकडा १६९ वेळा वाजवायचा असतो, सुरुवातीला जवळजवळ ऐकू न येणारा आणि शेवटी गर्जना. आमच्यातला शास्त्रशुद्ध शिकलेला मुलगा ते वाजवायचा तेव्हा बरोबर वाटायचं. हा वाजवतो तेव्हा मागे बसलेल्यांचे पाय आपोआप हलायला लागतात. टिंब तीच आहेत हो.

---

ध्रुपदप्रेमी

मृणाल, हे वाचून दोन मिनिटं गप्प बसलो. 'ना' चं उदाहरण काळजात गेलं. मजबुरी हा शब्द मागे घेतो.

---

लॉर्डभक्त

हा खरा रसिक.

---

सुलभा_ताई

मृणाल, स्नेअर आणि साइड ड्रम एकच का? आणि त्याच्या खाली तारा असतात त्या कशाला?

---

राइनकाठची_मृणाल

हो ताई, एकच. खालच्या पानाला तारा टेकलेल्या असतात, त्यामुळे तो चर्र असा कोरडा आवाज येतो. आणि म्हणून न वाजवतानाही धोका, हॉर्नवाल्यांनी विशिष्ट स्वर लावला की तारा आपल्याआप झणझणायला लागतात. शांत जागा आली की बाजूची खिट्टी फिरवून तारा खाली सोडायच्या, वाजवायच्या आधी परत वर. खिट्टीचा टक आवाज येऊ न देता. हे विसरलात तर कंडक्टर विसरत नाही :)

---

इतिहासाचा_नाद

मूळ प्रश्नाकडे यायचं तर, गंधार, माल्टात ऑर्केस्ट्रा आला कुठून? एवढ्याशा बेटावर?

---

गिरगावकर_गंधार

ही गोष्ट मलाही नवीन होती, नीट सांगतो.

इथे ब्रिटिशांचा भूमध्य आरमाराचा तळ. आरमाराच्या सरसेनापतीचा स्वतःचा ऑर्केस्ट्रा होता. साठीच्या दशकात तळ आवरायला लागला, सरसेनापतीचं पद गेलं, ऑर्केस्ट्रा मोडला आणि त्यातल्या वादकांना घेऊन १९६८ मधे मनोएल थिएटर ऑर्केस्ट्रा सुरू झाला, पहिला कंडक्टर जोसेफ सम्मुत. १९९७ मधे तो थिएटरपासून वेगळा होऊन राष्ट्रीय ऑर्केस्ट्रा झाला आणि २००८ मधे वाढवून माल्टा फिलहार्मोनिक. म्हणजे सिंफनीची रांग आरमारातून आलेली, आणि बेटावरचे वादक बँड क्लबातून.

आणि तिसरी जागा म्हणजे स्ट्रेट स्ट्रीट. व्हॅलेटातली अरुंद गल्ली, दोन हात पसरले तर जवळजवळ भिंतींना लागतील. ब्रिटिश खलाशी तिला 'द गट' म्हणायचे. बार, नाचघरं, दर दोन दारांआड एक बँड. जहाज बंदरात लागलं की गल्ली पेटायची. खलाशाला त्याच्या गावाकडची चाल हवी असायची, अमेरिकनाला स्विंग, इंग्रजाला वॉल्ट्झ, आणि वाजवणारा माल्टीज, जो दिवसा गावच्या बँडमधे मार्च वाजवून आलाय. ३१ मार्च १९७९ ला ब्रिटिश तळ कायमचा बंद झाला आणि गल्ली विझली. मी आलो तेव्हा जुन्या बारच्या रंग उडालेल्या पाट्या अजून भिंतीवर होत्या, काही ठिकाणी आता नवे बार सुरू झालेत.

मनोएल थिएटर त्या गल्लीपासून चालत तीन-चार मिनिटांवर. १७३१ मधे बांधलं, ग्रँडमास्टर, म्हणजे तेव्हा इथे राज्य करणाऱ्या सेंट जॉनच्या सरदारांचा प्रमुख, मनोएल दि व्हिल्हेनानं, तो पोर्तुगीज (म्हापशेकर, तुमच्यासाठी!). दारावर लॅटिनमधे कोरलंय, लोकांच्या सभ्य करमणुकीसाठी. आत लाकडी सोनेरी सज्जे, सहाशेच्या आसपास माणसं मावतात. मोठं ऑपेरा हाउस होतं ते ७ एप्रिल १९४२ ला बाँबमधे गेलं आणि तिथे पुढची सत्तर वर्षं नुसते खांबांचे ठोकळे उभे होते, मग २०१३ मधे त्या अवशेषांतच उघडं थिएटर केलं.

ध्रुपदप्रेमी, तुमच्या प्रश्नाला मला एवढंच सुचतं. सभ्य करमणूक आणि असभ्य करमणूक यांच्यात तीन-चार मिनिटांचं अंतर. एकच ड्रमर दोन्ही दारांनी जाणार नाही तर काय होणार?

---

म्हापशेकर

गंधार हे फक्कड सांगितलंत. आमचे एक आजेमामा बोटीवर वाजवायचे, माल्टाला बोट लागायची असं सांगायचे. त्या गल्लीत जाऊन आले असणार, घरी मात्र फक्त कॅथेड्रल बघितल्याचं सांगत. ते तरी बघितलं असेल, कारण फरशीवर माणसांच्या हाडांची चित्रं आहेत असं म्हणायचे.

---

गिरगावकर_गंधार

बरोबर सांगायचे हो, सेंट जॉन्समधे सगळी जमीन संगमरवरी थडग्यांची, त्यावर सांगाडे.

---

मीटरगेज

उशिरा आलो. एक व्यावहारिक प्रश्न, माणूस वाजवतो हे ठीक, पण एवढ्या छोट्या देशात आंतरराष्ट्रीय जॅझ फेस्टिव्हल उभा कसा करतो? आमच्या गावात आम्ही संगीत महोत्सव करतो, दरवर्षी मांडववाल्याची उधारी पुढच्या वर्षीवर जाते. मागच्या वर्षी कलाकार आले आणि साउंडवाला आलाच नाही, शेवटी शाळेचे दोन भोंगे लावून कार्यक्रम केला. बुवा काही बोलले नाहीत, पण मला रात्रभर झोप लागली नाही.

---

गिरगावकर_गंधार

मीटरगेज, भोंगे लावून कार्यक्रम केलात, हे मला फार मोठं वाटतं.

फेस्टिव्हल जुलैत होतो, बंदराच्या काठावर, 'ता लिएस' म्हणतात त्या जागी, लिएसच्या मातेच्या छोट्या चर्चजवळ. मागे तटबंदी, समोर ग्रँड हार्बर, पाण्यापलीकडे तीन जुनी शहरं. चिक कोरिया, मिशेल पेत्रुच्यानी यांच्यासारखे नावाजलेले जॅझ पियानोवादक तिथे वाजवून गेलेत. गॅटनंतर सँड्रो झेराफा हा माल्टीज गिटारवादक कलादिग्दर्शक झाला.

मी दोनदा गेलो. एकदा मधेच एक मालवाहू बोट भोंगा वाजवत गेली, पियानोवाल्यानं तोच स्वर उचलला आणि त्यावर पुढचा तुकडा बांधला, ड्रमर हसत हसत ब्रशवर आला, तारांचे ब्रश पानावर गोल फिरवत, घोटतात तसे. पाण्याचा वास, डिझेलचा वास, आणि तो ब्रशचा आवाज. माझं सगळं आयुष्य गोदीत गेलंय, पण बोटीच्या भोंग्याला स्वर असतो हे मला तेव्हा कळलं.

फेस्टिव्हल कसा उभा राहतो याबद्दल माझा अंदाज असा. जो माणूस मागच्या रांगेत उभा राहून सगळ्यांचं ऐकतो त्याला कुणाला कधी काय लागतं ते कळतं. पुढे बसणाऱ्याला पाठीमागचं दिसत नाही.

---

बँडवाले_काका

+१. मागच्या रांगेतून सगळ्यांच्या पाठी दिसतात. कोण दमलंय, कोण घाबरलंय ते पाठीवरून कळतं. मी शपथेवर सांगतो.

---

तर्रीवाली

गंधारदादा, तुमच्या म्हातारबुवांना एकदा हा प्रश्न विचारा ना, जॅझ आणि मार्च एकत्र कसं जमतं ते. ते काय म्हणतात बघू.

---

नाक्यावरचा_नाना

हो, धागा त्यांच्याशिवाय बंद करायचा नाही.

---

गिरगावकर_गंधार

मंडळी, विचारलं. काल सुट्टी होती, त्यांच्या गावच्या बँड क्लबात गेलो. खाली बारमधे बसलो होतो, इथे जुन्या ठिकाणी चहा काचेच्या पेल्यात देतात, आटवलेलं दूध घातलेला, आपल्या कटिंगच्या जवळचा. वर पोरांची तालीम चालू होती, एक पोरगं एकच मार्च परत परत चुकत होतं.

मी प्रश्न विचारला. ते काही बोलले नाहीत. डाव्या हाताच्या बोटांनी टेबलावर मार्च धरला, एक-दोन एक-दोन, सरळ. मग उजव्या हातानं चमचा घेऊन पेल्याच्या कडेवर स्विंग सुरू केला, तो टिंग-टि-टिंग, टिंग-टि-टिंग, लंगडत चालल्यासारखा. दोन्ही हात वेगळे आणि एक ठोकाही एकमेकांच्या पायात येत नव्हता. ऐंशीच्या पुढचे आहेत. शेजारच्या टेबलावरचे दोघं पत्ते ठेवून बघायला लागले.

मग एकदम दोन्ही हात थांबवले. चमचा हवेतच. ओठ हलत होते, आवाज नाही. मला वाटलं विसरले, मी बोलणार तेवढ्यात डोळ्यानं गप्प केलं. वरून पोराचा मार्च येत होता, तेच ते, आणि या वेळी न चुकता पुढे गेला. तो शेवटाला पोचला तसा त्यांनी पेल्यावर चमच्याचा एकच ठोका दिला, अगदी हलका, आणि चहा उचलला.